रोजचा एक द्राख्मा : अथेन्समधली मजुरी, मालकी आणि मान

हिशेबनीस (धागाकर्ता)

आयुष्य दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर बरं काहीतरी वाचू म्हणून प्राचीन ग्रीस हातात घेतलं, तर तिथेही बिलंच सापडली. खोड जात नाही हेच खरं.

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर पार्थेनॉनच्या उत्तरेला एरेक्थियन नावाचं देऊळ आहे. स्त्रीमूर्तींचे खांब असलेली पडवी फोटोत पाहिली असेल, तेच. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या धामधुमीत, इ.स.पू. ४०९ ते ४०७च्या सुमारास त्याचं उरलेलं काम पुरं केलं आणि झालेला खर्च दगडावर कोरून लोकांसमोर ठेवला. कोणत्या खांबावर कोणी काम केलं, किती दिले, सगळं नावानिशी.

या हिशेबात ज्यांचा सामाजिक दर्जा कळतो असे ८६ कामकरी आहेत. २४ नागरिक, ४२ मेटिक (अथेन्समध्ये राहणारे परके, पिढ्यान्‌पिढ्या राहिले तरी परकेच) आणि २० गुलाम. नागरिक निम्मेसुद्धा नाहीत. पण मी चमकलो ते पुढे. रोजंदारी जिथे दिली आहे तिथे ती एक द्राख्मा. नागरिकाला एक, मेटिकाला एक, गुलामाच्या नावावरही एकच. आणि देवळाचा स्थपती? त्यालाही दिवसाला एकच द्राख्मा! सिमियास नावाचा एक मेटिक गवंडी स्वतःच्या मालकीच्या गुलामांसोबत एकाच खांबावर पन्हाळ्या कोरतोय. मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून, सारख्या दराने.

द्राख्मा म्हणजे सुमारे ४.३ ग्रॅम चांदी. ६ ओबोल म्हणजे १ द्राख्मा, १०० द्राख्मांची १ म्ना, ६० म्नांचा १ टॅलंट. पुढच्या शतकात गव्हाचा 'रास्त' भाव मेदिम्नोसला (हे धान्याचं माप) ५ द्राख्मा धरत. एका मेदिम्नोसात ४८ खोइनिक्स, आणि एका माणसाचं दिवसाचं धान्य साधारण एक खोइनिक्स. म्हणजे चौघांचं घर धान्यापुरतं दोन-अडीच ओबोलात भागत असावं. उरलेल्यात तेल, भाडं, कपडा. श्रीमंती नाही, पण उपासमारही नाही.

मग प्रश्न असा की मजुरी सारखीच, तर नागरिक असण्याचा फायदा काय? माझं उत्तर कच्चं आहे, तरी मांडतो. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन, त्याने एक प्रसंग लिहिलाय. युथेरोस नावाचा सॉक्रेटिसचा जुना मित्र युद्धात परमुलुखातली मालमत्ता गमावून बसला होता आणि अंगमेहनत करून पोट भरत होता. सॉक्रेटिस म्हणाला, अरे, म्हातारपणी हे झेपणार नाही, एखाद्या श्रीमंताकडे कारभारी म्हणून राहा, शेतीवर देखरेख कर. काम हलकं, पैसे नियमित. त्यावर युथेरोस म्हणतो, गुलामी मला सोसायची नाही.

दगड फोडायची लाज नाही. दुसऱ्याच्या हाताखाली कायम राहायची लाज आहे! माझ्या मते तिथल्या अर्थव्यवस्थेची किल्ली इथे आहे. ते काम कोणतं हे बघत नव्हते, कामाचा धनी कोण हे बघत होते.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर कान धरावा.

---

वाचनवेडी

मस्त सुरुवात. स्थपतीलाही एकच द्राख्मा हे वाचून आमच्या आर्किटेक्ट मेहुण्याला धागा पाठवला आहे. पुढे वाचतेय.

---

कातळशिल्प

हिशेबनीस, लेख छान, पण 'सारखी मजुरी' ऐकून कोणाला समता वगैरे वाटू नये. गुलामाच्या नावावर द्राख्मा लिहिला म्हणून तो त्याच्या कनवटीला गेला असं नाही. सिमियास स्वतःचा द्राख्मा घेणार आणि बहुधा गुलामांचेही घेणार, त्यातून त्यांना भाकरी घालणार. म्हणजे ही समता नव्हे, हा ठेकेदार आहे.

दुसरी पद्धत अशी होती की गुलाम वेगळा राहतो, धंदा करतो आणि मालकाला रोज ठरलेली रक्कम देतो. टिमार्कोसवरच्या खटल्यात वक्ता आयस्किनीस सांगतो की टिमार्कोसच्या बापाकडे नऊ-दहा चर्मकार गुलाम होते. प्रत्येक जण दिवसाला २ ओबोल आणून देई, त्यांचा मुकादम ३. टॅक्सीमालकाला रोजचा भरणा देतात ना, तसं. फरक इतकाच की इथे टॅक्सीही माणूसच.

आणि खाणी विसरू नका. लॉरियनच्या चांदीच्या खाणींसाठी अथेन्सचा सेनापती निकियास याने म्हणे १००० गुलाम सोसियास नावाच्या थ्रेशियन माणसाला भाड्याने दिले होते, माणशी रोज १ ओबोल निव्वळ, आणि जितके मेले तितके भरून देण्याच्या बोलीवर. एरेक्थियनच्या सावलीतला गुलाम आणि लॉरियनच्या बोगद्यातला गुलाम यांना एकच शब्द लावताना जीभ अडखळली पाहिजे.

---

हिशेबनीस

@कातळशिल्प, कान धरलात, बरं केलंत. 'समता' हा शब्द मी वापरला नव्हता, पण सूर तसा लागला असेल.

निकियासचा हिशेब करून पाहिला. १००० ओबोल रोज, वर्षाचे ३६० दिवस धरले तर ६०,००० द्राख्मा. म्हणजे वर्षाला १० टॅलंट, घरबसल्या. ही माहिती देणारा झेनोफोन त्यावरून शहरालाच सल्ला देतो की सरकारनेही गुलाम विकत घ्यावेत, नागरिकामागे तीन होईपर्यंत, आणि खाणीत भाड्याने लावावेत. त्या उत्पन्नावर सगळे नागरिक पोसले जातील. इ.स.पू. ३५५च्या आसपासचा प्रस्ताव आहे हा. अमलात आला नाही, पण असं सुचवताना त्याला जराही अवघड वाटत नाही, हे बघण्यासारखं.

अथेन्सचा नामांकित वक्ता डेमोस्थेनीस, त्याच्या वडिलांच्या मालमत्तेतही तेच दिसतं. सुऱ्या बनवणारे ३२-३३ गुलाम, वर्षाला निव्वळ ३० म्ना. शिवाय ४० म्नांच्या कर्जापोटी गहाण आलेले पलंग बनवणारे २० गुलाम, त्यांचे वर्षाला १२ म्ना. ४०वर १२, म्हणजे ३० टक्के. ताळेबंदात बसवायला गेलं तर कारखाना असा नाहीच. इमारत नाही, यंत्रं नाहीत. माणसं हीच मालमत्ता.

---

रोखठोक

थोडक्यात, अथेन्सची लोकशाही म्हणजे गुलामांच्या जिवावर रिकामटेकड्यांचा कट्टा. वीस हजार नागरिक आणि चार लाख गुलाम होते असं वाचलंय. बाकी सगळं कौतुक फुकटचं.

---

हिशेबनीस

@रोखठोक, तो आकडा फालेरॉनच्या डेमेट्रियसने केलेल्या गणनेचा म्हणून सांगतात. २१,००० नागरिक, १०,००० मेटिक, ४,००,००० गुलाम. पहिले दोन पटतात. तिसरा तपासू या.

माणशी दिवसाला एक खोइनिक्स धान्य धरा. वर्षाला ३६५ भागिले ४८, म्हणजे साधारण साडेसात मेदिम्नोस. चार लाखांना ३० लाखांच्या वर मेदिम्नोस लागतील, तेही फक्त गुलामांना. डेमोस्थेनीस म्हणतो की काळ्या समुद्राकडून येणारं धान्य ४ लाख मेदिम्नोस आहे आणि बाकी सगळीकडून येणारं मिळून जवळपास तितकंच. म्हणजे आयात ८ लाख. उरलेलं अटिकाच्या (अथेन्सभोवतालच्या मुलखाच्या) खडकाळ जमिनीतून काढायचं? तिथे बार्ली जेमतेम पिकते. चार लाखांच्या पोटाचा हिशेब लागत नाही.

तुमचा मुद्दा मात्र त्यामुळे पडत नाही. गुलाम चार लाख नसले तरी भरपूर होते. स्पार्टाने इ.स.पू. ४१३मध्ये अथेन्सजवळच्या डेकेलियाला ठाणं दिलं तेव्हा अथेन्सचे वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, त्यातले बरेचसे कारागीर, असं इतिहासकार थुसिडिडीस लिहितो. 'रिकामटेकडे' म्हणाल तर एरेक्थियनवर घाम गाळणारे २४ नागरिक बघा. ते कट्ट्यावर नव्हते.

---

लष्करच्या भाकऱ्या

आमच्या आयडीला जागून स्पार्टावर लिहिणं भाग आहे. :)

धाग्याचं नाव अथेन्स आहे म्हणून ठीक, पण ग्रीक नगरराज्यं हजाराच्या वर होती, हे नवीन वाचकांनी लक्षात ठेवावं. अथेन्स हा अपवाद होता. त्याची कागदपत्रं उरली (म्हणजे दगडपत्रं) म्हणून आपण त्याच्याच नावाने बोलतो.

स्पार्टात कामाचा प्रश्नच नव्हता. नागरिकाला धंदा करायला बंदी, सोन्याचांदीच्या नाण्यांऐवजी लोखंड. शेती करायची हेलटांनी, म्हणजे जमिनीला बांधलेल्या दास-कुळांनी. व्यापार, कारागिरी भोवतालच्या पेरिओइकोइ लोकांनी. नागरिकाने फक्त कवायत करायची आणि संध्याकाळी पंगतीला बसायचं. पण त्या पंगतीची वर्गणी होती! प्लुटार्कच्या मते महिन्याला एक मेदिम्नोस बार्लीचं पीठ, आठ खोएस वाइन, पाच म्ना चीज, अडीच म्ना अंजीर. (इथे म्ना हे वजन.) ही आपल्या वाट्याच्या जमिनीतून आणायची. जमली नाही तर पंगत बंद आणि नागरिकत्वही बंद. खानावळीचं बिल थकलं म्हणून मतदारयादीतून नाव कापल्यासारखं.

परिणाम काय झाला? वारसा, हुंडा यांतून जमीन थोड्या घरांत गोळा होत गेली. इ.स.पू. ४८०मध्ये स्पार्टाकडे लढण्याजोगे ८००० पुरुष आहेत असं हिरोडोटस म्हणतो. इ.स.पू. ३७१मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईला ७०० पूर्ण नागरिक उतरले, त्यातले ४०० मेले. अॅरिस्टॉटल सांगतो की संख्या हजाराच्याही खाली गेली होती आणि दोन पंचमांश जमीन बायकांच्या नावावर होती. त्याला ही बाब भयंकर वाटते. एवढ्या मोठ्या भूमीला एक धक्का सोसवला नाही, माणसांच्या टंचाईने ती बुडाली, असं त्याचं निदान.

आणि धागाकर्त्यांनी हेलटांना गुलामांच्या रांगेत बसवू नये. अथेन्सचा गुलाम बहुतेक वेळा बाहेरून विकत आणलेला, प्रत्येकाची बोली वेगळी. हेलट मात्र आपल्याच गावात, आपल्याच जमिनीवर, एका भाषेचे. म्हणून इ.स.पू. ४६४च्या भूकंपानंतर ते एकजुटीने उठले. त्या काळात अथेन्सच्या गुलामांचं असं बंड झाल्याचं दिसत नाही.

---

कातळशिल्प

वरच्या शेवटच्या मुद्द्याला +१. इ.स.पू. ४१४चे लिलावाचे शिलालेख पाहा. देवमूर्ती फोडल्याच्या आणि धर्मविधींची टवाळी केल्याच्या प्रकरणांत दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त करून विकली होती. पिरेअसमध्ये (अथेन्सच्या बंदरात) राहणाऱ्या केफिसोडोरोस नावाच्या मेटिकाचे १६ गुलाम त्यात आहेत. थ्रेशियन बाई १६५ द्राख्मा, सीरियन पुरुष ३०१, शिवाय इलिरियन, स्किथियन, कोल्खियन, लिडियन. एका घरात इतके मुलूख. आणि एक कॅरियन लहान मूल, ७२ द्राख्मा.

नाव कोणाचंच लिहिलेलं नाही. मुलूख आणि किंमत, संपलं.

---

वाचनवेडी

७२ द्राख्मांवर अडकले आहे. दोन दिवसांनी पुढचे प्रतिसाद वाचते.

---

बंदरावरचा बाबू

तीसेक वर्षं मुंबईत सागरी विम्याचे दावे निस्तरले, त्यामुळे हा प्रतिसाद माझ्या हक्काचा.

अथेन्सला धान्य बाहेरून आणावं लागे, त्यामुळे जहाजं हवीत, त्यामुळे कर्ज हवं. सागरी कर्जाची अट अशी की जहाज सुखरूप आलं तर मुद्दल अधिक व्याज, बुडालं तर कर्ज माफ. म्हणजे सावकारच विमा कंपनी. डेमोस्थेनीसच्या नावावरच्या एका भाषणात असा करारनामा जसाच्या तसा दिला आहे. ३००० द्राख्मांचं कर्ज; अथेन्सहून मेंडे किंवा स्किओने, तिथून मेंडेच्या वाइनचे ३००० बुधले घेऊन बॉस्पोरस (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचं राज्य) आणि परत. व्याज हजारी २२५. पण परतीचा प्रवास स्वाती ताऱ्याच्या उदयानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू झाला तर हजारी ३००. कारण वादळं. हवामानाप्रमाणे हप्ता वाढवणं आम्ही शोधलं नाही हो.

मग फसवणूक आलीच. हेगेस्ट्राटोस नावाच्या जहाजमालकाने सिराक्यूजमध्ये कर्ज काढलं, पैसे गुपचूप मासालियाला (आजचं मार्सेय) पाठवले, जहाजात माल असा भरलाच नाही. बेत हा की जहाज बुडवायचं, कर्ज आपोआप फिटतं. किनारा सोडून दोन-तीन दिवस झाल्यावर रात्री खाली उतरून पठ्ठ्या तळाला भोक पाडायला लागला. आवाज झाला, लोक धावले, तो पळाला आणि होडीत उडी मारायला गेला. अंधारात होडी चुकली आणि गडी बुडाला. जहाज मात्र तगलं!

असे दावे मी पाहिले आहेत. इतका तत्पर न्याय एकदाही पाहिला नाही.

सरकारी धोरणही कडक. अथेन्समध्ये राहणाऱ्याने अथेन्सला धान्य न आणणाऱ्या जहाजावर कर्ज द्यायचं नाही, असा कायदा. किरकोळ धान्यविक्रेत्यांनी एका वेळी ५० टोपल्यांपेक्षा जास्त साठा उचलायचा नाही. उचलला म्हणून मृत्युदंडाची मागणी करणारं लिसियासचं भाषण आहे. बाकी बाजाराला बरीचशी मोकळीक, धान्याला नाही.

---

चुलीपुढचं

शंभर ओळी झाल्या, बायकांचा उल्लेख लिलावात आणि स्पार्टाच्या जमिनीत. म्हणून मी.

कायद्याने अथेन्सच्या बाईला एक मेदिम्नोस बार्लीच्या किमतीपलीकडचा व्यवहार स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. जमीन नावावर नाही, खटला पुरुषामार्फत. पण बाजारात पाव, भाज्या, फिती विकणाऱ्या बायका होत्याच. युक्सिथेओस नावाच्या माणसाचं नागरिकत्व गावाने रद्द केलं, त्यात एक टोमणा हा की तुझी आई बाजारात फिती विकते आणि पूर्वी दुसऱ्यांच्या मुलांना पाजायला राहिली होती. तो कोर्टात सांगतो, होय, विकतो आम्ही, गरिबी आहे. आणि बाजारात काम करतो म्हणून कोणाही नागरिकाला, पुरुषाला वा बाईला, हिणवू नये असा कायदाच आहे, याची आठवण करून देतो. असा कायदा करावा लागला यातच सगळं आलं.

हिशेबनीसांनी युथेरोस सांगितला, त्याच्या अगदी आधीची गोष्ट मी सांगते. यादवीच्या दिवसांत अरिस्टार्खोसच्या घरी बहिणी, भाच्या, चुलत बहिणी अशा चौदा बायका आसऱ्याला आल्या. शेती शत्रूच्या हातात, कर्ज मिळेना. सॉक्रेटिस म्हणाला, त्यांना सूत, कपडा करता येतो ना? मग करू दे की. अरिस्टार्खोस म्हणतो, अहो, त्या घरंदाज आहेत! शेवटी उसने पैसे काढून लोकर आणली. बायका कामाला लागल्या, घरातली कुरबुर थांबली आणि त्याच उलट त्याला चिडवू लागल्या की या घरात बसून खाणारा तू एकटाच.

@हिशेबनीस, 'धनी कोण' ही तुमची किल्ली या घराला लागते का? या बायका कोणाच्या हाताखाली होत्या?

---

हिशेबनीस

@चुलीपुढचं, लागत नाही. दिवसभर विचार केला. युथेरोसला नकार द्यायची सोय होती, या चौदा जणींना ती आधीपासूनच नव्हती. माझी किल्ली फक्त पुरुष नागरिकाच्या दाराची निघाली.

@बंदरावरचा बाबू, दंडवत.

---

मोडी_लिपी

थोडं अवांतर. उत्तर-पश्चिमेकडच्या ग्रीक राजांनी आपल्याकडे द्राख्मा पाडले, शब्द संस्कृतात 'द्रम्म' झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत रकमा द्रम्मांत आहेत. त्याचाच पुढे 'दाम'. बाजारात 'दाम करी काम' म्हणतो तेव्हा अथेन्सचा शब्द आपल्या तोंडात असतो. अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड मात्र आपल्याला लक्ष्मीचं वाहन म्हणूनच ओळखीचं वाटतं.

बरं, नाण्यावरून आठवलं. खोट्या नाण्यांचं ते काय करत?

---

हिशेबनीस

@मोडी_लिपी, हे अवांतर नाहीच. इ.स.पू. ३७५-७४चा कायदा आहे, त्याचा शिलालेख १९७०मध्ये अथेन्सच्या अगोरात (बाजारचौकात) सापडला. बाजारात पारख्या बसे. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे कापायचं आणि देवांच्या मातेच्या मंदिरात जमा. त्याने खरं ठरवलेलं नाणं व्यापाऱ्याने नाकारलं तर व्यापाऱ्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आणि हा पारखी कोण? सरकारी गुलाम. कामावर बसला नाही किंवा नीट पारख केली नाही तर ५० फटके. नागरिकाच्या हातातलं नाणं खरं की खोटं हे गुलाम ठरवणार, आणि पाठ मात्र त्याचीच उघडी.

---

रोखठोक

हे माहीत नव्हतं. माझा 'कट्टा' मागे घेतो, अर्धा.

एक विचारतो. गुलामाचा कधी नागरिक झाला का कोणी?

---

हिशेबनीस

झाला की. पॅसियन. पिरेअसच्या पेढीवर दोन सराफांचा गुलाम, हिशेबात पक्का. मुक्त झाला, पेढी त्याच्याकडे आली, ढालींचा कारखाना काढला, शहराला १००० ढाली भेट दिल्या आणि नागरिकत्व मिळालं. पुढे त्याचा गुलाम फोर्मियोन, तोही मुक्त होऊन पेढीचा कारभारी झाला. पॅसियनने थकल्यावर पेढी आणि कारखाना त्यालाच चालवायला दिला. पेढीचे वर्षाला १०० म्ना, कारखान्याचे ६०.

इथे एक गाठ बसली. पेढीची काही कर्जं जमीन आणि घरांच्या तारणावर होती. फोर्मियोन तेव्हा नागरिक नव्हता, म्हणजे जमीन धरू शकत नव्हता, म्हणजे कर्जदार बुडाला तर वसुली कशी करणार? म्हणून ती कर्जं पॅसियनने स्वतःकडे ठेवली आणि ११ टॅलंट पेढीला देणं म्हणून लिहून दिले. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला या नोंदीत जास्त सापडलं. मजुरी सारखी, पण तारण नागरिकाकडेच.

पॅसियन इ.स.पू. ३७०-६९मध्ये गेला. मृत्युपत्रात बायको आर्खिप्पे फोर्मियोनला दिली, भरघोस हुंड्यासह. थोरला मुलगा अपोलोडोरोस यावर आयुष्यभर धुमसत राहिला. खटल्यांवर खटले. हा विकत घेतलेला रानटी माणूस माझ्या आईचा नवरा होतो म्हणजे काय, हा सूर.

फोर्मियोनच्या बाजूने डेमोस्थेनीसने भाषण लिहून दिलं. त्यात अपोलोडोरोसला विचारलंय की बाबा रे, तुझा बापही असाच विकत घेतला होता ना?

---

चुलीपुढचं

आणि आर्खिप्पेला कोणी विचारलं होतं का?

---

हिशेबनीस

भाषणांत तरी नाही.